एका सेकंदाचा हिशेब

व्यापाऱ्याला काळाचे मोल शिकवावे लागत नाही. व्याज दिवसागणिक चढते, उधारीची मुदत तिथीवर संपते आणि हंगाम हुकला की माल गोदामात पडून राहतो. तथापि असाही एक व्यवसाय आहे, जेथे सेकंदाचे चोवीस भाग करून प्रत्येक भागाची नोंद ठेवावी लागते. तो व्यवसाय म्हणजे ॲनिमेशन, अर्थात चलच्चित्रांची कला. आपल्या घरांतील अनेक मुले-मुली आज तिच्याकडे ओढली जात आहेत आणि आईवडील साहजिकच विचारतात, ‘सारे काही संगणकच करतो, मग यात शिकण्यासारखे ते काय?’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वाचकांना आज जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात नेण्याचा विचार आहे.

या भागात बोहाड्याची परंपरा आहे. संबळाच्या ठेक्यावर गणपती, सरस्वती, रावण, नरसिंह अशी सोंगे एकामागून एक रात्रीच्या प्रकाशात नाचत येतात. पात्राच्या मुखावर मुखवटा असतो. मुखवट्याची पापणी लवत नाही, ओठ हलत नाहीत. तरीही हे पात्र उग्र आहे की सौम्य, हे प्रेक्षकाला दुरूनच उमगते. कशावरून? पाऊल किती वेळात पडते, मान किती सावकाश वळते आणि वळल्यावर किती क्षण स्थिर राहते, यावरून. चेहरा न हालवता स्वभाव प्रकट करण्याची ही किमयाच ॲनिमेशन शिकणाऱ्याला प्रथम साधावी लागते. तिलाच या व्यवसायात ‘टायमिंग’ म्हणतात.

आता थोडा हिशेब मांडू. चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम धावतात. एकच चित्र दोन फ्रेम ठेवण्याची रीत रूढ आहे. म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. चार सेकंदांचा प्रवेश रंगवायचा तर ९६ फ्रेम आणि ४८ चित्रे झाली. संबळाचे ठोके मिनिटाला १२० पडत असतील, तर दोन ठोक्यांमध्ये १२ फ्रेम बसतात. ९० पडत असतील, तर १६. पाऊल ठोक्यावर पडायला हवे, म्हणून चित्र काढण्यापूर्वीच हा आकडा निश्चित करावा लागतो. आपल्याकडे सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा मानतात. या मापाने त्यात ६९,१२० फ्रेम मावतात. ‘समय’ हा काळाचा अविभाज्य अंश मानणाऱ्या परंपरेतील वाचकांना अशी सूक्ष्म गणना अपरिचित वाटू नये.

परंतु केवळ संख्या पुरेशी नाही. सोंगाची मान डावीकडून उजवीकडे १२ फ्रेममध्ये वळवायची आहे, असे समजू. मधली चित्रे समान अंतराने मांडली, तर मान यंत्रासारखी फिरते. आरंभी व शेवटी चित्रे दाट आणि मध्ये विरळ ठेवली, तर त्याच १२ फ्रेममध्ये मानेला वजन येते. मुखवटा जड असेल, तर शरीर आधी वळते आणि मुखवटा दोन-तीन फ्रेम मागून येतो. संगणकाला दोन टोकांची चित्रे दिली की तो मधली जागा भरून देतो, हे खरे. पण हे वजन किती असावे, ते त्याला सांगावेच लागते. सांगणाऱ्याने प्रत्यक्ष चाल मोजलेली नसेल, तर रावण आणि गणपती एकाच चालीने चालू लागतात आणि मोखाड्यातील वृद्धांना त्यांत आपला बोहाडा दिसत नाही.

या मोजणीसाठी ‘एक्स्पोजर शीट’ नावाचा आखीव तक्ता असतो. आपल्या रोजकीर्दीशी त्याचे नाते लगेच ओळखू येईल. डाव्या रकान्यात फ्रेमचा क्रमांक, शेजारी ध्वनी, त्यापुढे चित्राचा क्रमांक. एक ओळ चुकली की पुढचा सारा मेळ बिघडतो. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात डिस्नेचे अनुभवी कलावंत क्लेअर वीक्स शिकवण्यास आले. त्यांच्या हाताखाली घडलेले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे आधारस्तंभ ठरले. ही विद्या आपल्याकडे हाताखाली बसूनच आली.

तिचा त्याहून जुना धागा तर मोखाड्याच्या शेजारीच सापडतो. मोखाड्याहून घाट चढून गेले की त्र्यंबक लागते; तेथे ३० एप्रिल १८७० रोजी दादासाहेब फाळके यांचा जन्म झाला. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांच्यापाशी भांडवल नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढत असता एकेक फ्रेम टिपत ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट सिद्ध केला. येथेही हिशेब उद्बोधक आहे. मूकपटांच्या काळातील सेकंदाला सुमारे १६ फ्रेमचा वेग धरला, तर मिनिटभराच्या दृश्याला ९६० फ्रेम लागतात. कोणत्या अंतराने टिपावे, हे आधीच ठरवावे लागते, कारण उगवलेले रोप पुन्हा मागे नेता येत नाही. हा लघुपट पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे प्रभृतींनी कर्ज देऊ केले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुढे १९१५ मध्ये फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या पटात काड्यांनाही चालते केले.

कर्ज देणाऱ्यांपुढे मोठमोठी आश्वासने नव्हती; पडद्यावर वाढणारे एक रोप होते आणि त्यामागील चिकाटी त्यांना दिसली. आपल्या घरातील मुलामुलींची पारखही याच रीतीने व्हावी. महागडा संगणक किंवा अभ्यासक्रमाचे भरमसाट शुल्क यांचा विचार त्यानंतर करावा. प्रथम एक वही, पेन्सिल आणि सेकंद मोजण्याचे घड्याळ द्यावे. एका माणसाची चाल निरखून, मोजून, चार सेकंदांचे दृश्य महिनाभरात करावयास सांगावे. बोहाड्यासारख्या विषयाला हात घालायचा असेल, तर आधी गावकऱ्यांची अनुमती घ्यावी. तो त्यांचा देवकार्याचा उत्सव आहे.

महिना संपल्यावर दृश्य अवश्य पाहावे, पण वहीही मागून घ्यावी. तीत खोडलेले आकडे असतील, १२ च्या जागी १६ आणि १६ च्या जागी पुन्हा १४ केलेले असतील, तर त्या मुलाच्या शिक्षणावर पैसा घालण्यास संकोच करू नये.