जो मागे राहील...

परवा आमच्या गल्लीतली चार-पाच पोरं सायकलसहलीचा कागद घेऊन घरी आली. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आटोपली की तोरणमाळ! "सर, एकदा नजर टाका." टाकली. दोंडाईचाहून पहाटे तीनला निघायचे, शहाद्यात चहा, बाराच्या आत वर, मग सीताखाईकडच्या पायवाटांनी सायकली हाकायच्या आणि संध्याकाळी घाट उतरून परत. खाली शेवटची ओळ: 'जो मागे राहील त्याने आपापले यावे.'

माझा सगळा राग या एका ओळीवर आहे.

मंडळी, तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच. आपण तापीकाठची सपाटीवरची माणसे. शहाद्यापर्यंत सगळे बरोबर असतात, फरक पडतो तो घाटात. गिअरवाला पुढे निघून जातो, साधी सायकलवाला वळणागणिक मागे पडतो. पुढचे म्हणतात, आम्ही थांबतो की! थांबतात खरे. पण अर्धा तास सावलीत बसून ताजेतवाने झालेले हे वीर, मागचा धापा टाकत पोचला की लगेच उठून निघतात! ज्याला विसाव्याची गरज सर्वात जास्त, त्यालाच तो मिळत नाही.

"मग कच्च्यांनी येऊच नये," एकजण म्हणाला. ठीक. मग वर्गणी सगळ्यांकडून कशाला घेता?

नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली. त्यांचे दाखले ही पोरं मला देतात. अरे, त्यांच्यामागे गाडी होती, मदतीची माणसे होती. तुम्ही त्यांचा वेग तेवढा उचललात.

मी काठावर बसून बोलत नाही. फार वर्षांपूर्वी सातपुड्यातल्या एका सहलीत मास्तर असूनही मी पुढच्या मुलांबरोबर चालत होतो. मागे राहिलेला सातवीतला मुलगा फाट्यावर चुकला आणि भलत्याच पाड्यावर गेला. तिथल्या पावरा कुटुंबाने त्याला भाकरी खाऊ घातली, अंधारात कंदील घेऊन आमच्याकडे आणून सोडले. त्याच्या वडिलांना मी सांगितले, मुलगाच हट्टी आहे. ते आठवले की आजही लाज वाटते.

असो. कागदावर लाल पेनने खाडाखोड केली. सायकली घाटाच्या पायथ्यापर्यंत टेम्पोने न्या. रात्री वर मुक्काम करा. डिसेंबरात सहा वाजता अंधारते, आणि उतारावर ब्रेक दाबून दाबून बोटे बधिर झालेली असतात, पडापडी तिथेच होते. पुढच्याने सर्वात हळू असणाऱ्याचीच चाल धरायची. पंप आणि पंक्चरचे सामान घेऊन एक पक्का गडी सगळ्यांच्या मागे. आणि प्रत्येक फाट्यावर एकाने उभे राहायचे, मागचा दिसल्याशिवाय हलायचे नाही.

"सर, मग मजा काय राहिली?"

यावर आमचे चांगलेच वाजले. टेम्पोला तयार झाले, मुक्कामाला नाही. रविवारी पुन्हा येणार आहेत.