वॅटचा आकडा हेही मापच आहे

मापात मारू नये, हे आपल्या तिजारतीचे पहिले तत्त्व. कुरआन शरीफच्या ८३ व्या सूरतचे नावच माप मारणाऱ्यांवरून आहे. मदयनच्या लोकांवर अजाब आला, त्याआधी हजरत शुऐब (अलैहिस्सलाम) यांनी त्यांना खोट्या माप-तोलाबद्दलच बजावले होते. किराणावाल्याला किंवा कापडवाल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. काटा आणि मीटरपट्टी त्याच्या व गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असते. पण ज्या मालाचे माप डोळ्याला दिसतच नाही, तो विकणाऱ्याने काय करावे? ॲम्प्लिफायर जोडणारे, स्पीकरचे डबे बनवणारे आणि होम थिएटर विकणारे जे आपले बांधव आहेत, त्यांच्यापुढे आम्ही आज हा प्रश्न ठेवीत आहोत.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत कोठेही पाहावे, हातभर उंचीच्या डब्यावर ‘२००० वॅट’, ‘५००० वॅट’ असे आकडे ठळक छापलेले असतात. शेजारी बारीक अक्षरात ‘पीएमपीओ’ असे असते, किंवा तेही नसते. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही. ज्याला जो आकडा शोभेल तो त्याने छापावा, असा हा कारभार आहे. खरा उपयोगाचा आकडा आरएमएसचा, म्हणजे यंत्र न फाटता सतत किती वॅट देऊ शकते त्याचा.

हिशेब अवघड नाही. १२-०-१२ व्होल्टचा, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या. २४ गुणिले २ म्हणजे ४८. यापेक्षा जास्त ताकद तो सतत देऊच शकत नाही. त्यातला मोठा हिस्सा हीट सिंक तापवण्यात जातो. ८ ओहमच्या स्पीकरवर दोन्ही बाजूंना मिळून पंचवीस ते तीस वॅट हाती लागतात, म्हणजे एका बाजूला बारा ते पंधरा. आजच्या क्लास-डी बोर्डांत ताकद कमी वाया जाते, पण नियम तोच. १२ व्होल्ट, २ अँपिअरच्या ॲडॉप्टरमधून २४ वॅट येतात. त्यावर चालणाऱ्या बोर्डाला कोणी ‘१०० वॅट’ म्हणत असेल, तर पावशेराच्या मापातून शेरभर तेल काढण्यासारखे आहे. कॅपॅसिटरमधल्या साठ्यातून क्षणभर जास्त मिळते हे खरे, परंतु क्षणाचा आकडा सांगून तासाचा माल विकणे हा व्यवहार नव्हे.

हा रोग आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेत याच फुगवलेल्या आकड्यांना कंटाळून १९७४ साली सरकारच्या व्यापार आयोगाने घरगुती ॲम्प्लिफायरसाठी नियम केला, आणि २०२४ मध्ये तो अधिक कडक केला. ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झच्या पट्ट्यात आणि एक टक्क्याहून कमी विकृतीत मोजलेला आकडा आता तेथे जाहिरातीत द्यावा लागतो. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात दंडास पात्र आहे. पण कायद्याचा बडगा येईपर्यंत थांबावे, असे इमानदार व्यापाऱ्याला वाटू नये.

आमचे म्हणणे ऐकून कारागीर विचारतात, “शेजारचा २००० लिहितो, मी ३० लिहिले तर माझा माल घेणार कोण?” हा प्रश्न पोटाचा आहे, तो उडवून लावण्यासारखा नाही. मात्र दुसरी बाजूही पाहावी. २००० वॅट वाचून नेलेला सेट गिऱ्हाईक लग्नघरात पूर्ण आवाजावर लावतो. ॲम्प्लिफायर दमतो, आवाज फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजाने आधी ट्विटर जळतो, मागोमाग वूफरची कॉइल. मग तोच सेट घेऊन गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभे राहते. कॉइलचे पैसे, मजुरी आणि मोडलेला विश्वास यांचा हिशेब कोणी वहीत मांडत नाही. कारखान्याचा तयार माल स्वस्ताईत आपल्याला हरवणारच. मोठ्या आकड्यांच्या शर्यतीत उतरून आपण त्याच्याच मैदानावर हरतो. आपल्यापाशी जे आहे ते त्याच्यापाशी नाही: तोंडओळख, दुरुस्तीची हमी आणि जबानीची किंमत.

शिवाय गिऱ्हाइकाला इतके वॅट लागतच नाहीत. साधारण घरगुती स्पीकर १ वॅटवर, १ मीटर अंतरावरून सुमारे ८८ डेसिबल आवाज देतो. १५ वॅट दिले की तोच जवळजवळ १०० डेसिबलवर जातो. बैठकीच्या खोलीत याहून जास्त आवाज झाला तर शेजारी दार ठोठावतील. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ही गोष्ट गिऱ्हाइकाला दोन मिनिटांत समजावता येते, आणि समजलेले गिऱ्हाईक पुन्हा येते.

आता आवाज पारखण्याबद्दल. दोन सेट शेजारी लावले की जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. ही कानाची खोड आहे, आणि विकणारा तिचा फायदा घेतो. म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करावा, मगच तुलना करावी. डोळेही फसवतात. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी अमेरिकेतल्या एका स्पीकर कंपनीच्या ४० नोकरांना तेच स्पीकर दाखवून आणि पडद्याआड ठेवून, असे दोन्ही प्रकारे ऐकवले, तेव्हा त्याच माणसांची मते बदलली. आपल्या दुकानात एक चादर टांगली तरी ही परीक्षा होते. ऐकायला ढोल-बास नको, ओळखीचा माणसाचा आवाज घ्यावा: किरअत, नात किंवा बातम्या. जन्मल्यापासून कान माणसाच्या आवाजावर तयार झालेला असतो. आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमला तर दोष बहुधा डब्यात आहे. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचले तर ट्विटर तपासावा.

डबा ही तर आपल्या सुतार बांधवांची कला. वूफर केवढा आहे, एवढेच पाहून डबा कापू नये. प्रत्येक वूफरला त्याच्या गुणाप्रमाणे आतली जागा लागते. त्याचे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी वाढवले. आता ते मोबाइलवरही फुकट करता येते. फळी १८ मिलिमीटरची, सांधे हवाबंद, मोठ्या डब्यात आतून आडवा टेकू, एवढे पाळले तरी घुमणे पुष्कळ कमी होते. ८ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कॅपॅसिटर लावला तर तो साधारण ४२०० हर्ट्झच्या वरचेच सूर घेतो आणि वाचतो. शेवटी दीड व्होल्टचा सेल लावून दोन्ही वूफरचे कोन एकाच दिशेला हलतात ना, हे पाहावे. एक उलटा जोडला गेला तर बास हरवतो, आणि बिचाऱ्या वूफरला नावे ठेवली जातात.

आमची सूचना साधी आहे. एका गल्लीतल्या पाच-सहा दुकानदारांनी वर्गणी काढून बॅटरीवर चालणारा एक छोटा ऑसिलोस्कोप आणि ५० वॅटचे, ८ ओहमचे दोन रेझिस्टर घ्यावेत. सेट तयार झाला की स्पीकरच्या जागी दोन्ही बाजूंना रेझिस्टर जोडून मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा सूर द्यावा. स्वस्त मीटर याहून वरच्या सुरावर चुकू शकतो. स्कोपवर लाटेचे शेंडे चपटे होऊ लागण्याआधी थांबावे आणि मीटरवर एसी व्होल्ट पाहावेत. त्या आकड्याचा वर्ग करून ८ ने भागावे. १० व्होल्ट आले तर साडेबारा वॅट. तोच आकडा ‘आरएमएस, दर बाजूला’ असे लिहून डब्याच्या मागे चिकटवावा. खाली दुकानाचे नाव आणि तारीख घालावी.

पहिले काही महिने विक्री कमी होईल, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्या डब्यावर आपले नाव आहे, त्याच्यावरचा आकडा आपलीच जबानी आहे. साडेबाराला साडेबारा म्हणणारा कारागीर गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतो, आणि बरकत त्याच्याच गल्ल्यात येते, असा आमचा विश्वास आहे.