हर्सूलहून सुटलेला पोरगा आपला नाही का?

आंदोलनात आत गेलेल्या कार्यकर्त्याला आणायला आपण गाड्या भरून जातो. हार, घोषणा, स्टेटस. ते योग्यच आहे. नामांतराच्या लढ्यात तुरुंग पाहिलेल्यांचा मान राखलाच पाहिजे, आणि जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगावनंतर ज्या पोरांवर गुन्हे लागले त्यांच्यामागे उभं राहणं हे कर्तव्यच. पण त्याच हर्सूल कारागृहाच्या गेटमधून मोबाइल चोरीत, भांडणात, दारूच्या केसमध्ये अडकलेला आपल्याच गल्लीतला पोरगा बाहेर येतो, तेव्हा तिथे कोण असतं? त्याची आई. रिक्षाचे पैसे उसने घेऊन आलेली.

आम्ही चिकलठाणा, ब्रिजवाडी, नारेगाव, मुकुंदवाडी या पट्ट्यात काम करतो आणि हे सतत बघतो. आपण कैद्यांमध्येही वर्ण पाडलेत. शब्द टोचत असेल तर टोचू द्या.

आत कोण आहे ते बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ अखेर देशात ५,७३,२२० बंदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्धच न झालेले. सुमारे पाचातला एक बंदी अनुसूचित जातीचा. जामीन मंजूर होऊनही अनेक जण आतच राहतात, कारण जामीनदाराला सातबारा किंवा घरपट्टीची पावती लागते. पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन ठेवलेल्या माणसाने सातबारा आणायचा कुठून? पारधी समाजाचं तर विचारूच नका. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पोलिसांच्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कारागृहातली जातीवरून होणारी कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि बंद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. आपण सगळ्यांनी पोस्ट फिरवल्या. आतल्या झाडूवर आपण बोललो, बाहेर आल्यावर त्याच माणसाच्या हाताला काय काम मिळतं यावर कुणीच बोललं नाही.

चिकलठाणा एमआयडीसी हाकेच्या अंतरावर आहे, पण ठेकेदार आधी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागतो. मग आधार, बँक खातं, पीएफचा नंबर. दोन वर्षं आत राहिलेल्याचं सिम बंद झालेलं असतं, कदाचित तो नंबर दुसऱ्याच कुणाला गेलेला; आधारचा ओटीपी तिकडे जातो. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते. ओटीपी नाही म्हणून खातं चालू होत नाही, खातं नाही म्हणून पगार नाही. हे सोडवायला क्रांती लागत नाही. सोबत जाणारा एक माणूस आणि तीन-चार दिवस लागतात.

सरकारकडे काहीच नाही असंही नाही. महिला व बालविकास विभागात जिल्हा परिविक्षा अधिकारी असतो आणि सुटलेल्या बंद्याचं पुनर्वसन हे त्याच्या कामात येतं. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी त्याचं कार्यालय पाहिलंय? १९५८ चा परिविक्षा कायदा सांगतो की जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर २१ वर्षांखालील आरोपीला कारणं नोंदवल्याशिवाय कैदेत पाठवू नये. त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की परिविक्षेवर सोडलेल्याला त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. वकिलाने वेळेवर अर्ज केला तर हे मिळतं. आणि वकील विधी सेवा प्राधिकरणातून मोफत मिळतो. अनुसूचित जातीच्या माणसाला तिथे उत्पन्नाची अटही नाही. सरकारी नोकरीचा फॉर्म भरणाऱ्यांनी २०१६ चा अवतार सिंग निकाल वाचावा: केस लपवू नका, पण तरुणपणी दिलेल्या घोषणांसारखा किरकोळ गुन्हा दुर्लक्षिता येतो असं कोर्ट म्हणतं.

आता आक्षेप. “गुन्हेगारांना जवळ केलं तर चळवळ बदनाम होईल.” हे बोलणाऱ्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ पुन्हा उघडावा. बाबासाहेबांनी त्यात पतित आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेला वेगळी जागा दिली, अंगुलिमालासकट. अंगुलिमाल सुत्तात त्याला पकडायला निघालेला राजा पसेनदी त्याला भिक्षू झालेलं बघतो आणि चीवर, अन्न, निवारा, औषध देऊ करतो. प्रवचन देत नाही. दगड लोक मारतात, तेही तो बदलल्यानंतर. आपण यातले कोण, ते ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरा आक्षेप आम्हाला खरा वाटतो: ज्याने आपल्याच वस्तीतल्या बाईवर अत्याचार केला त्याचं काय? तिथे पहिला शब्द तिचा. तिला त्याचं तोंड बघावं लागेल अशा गल्लीत त्याला आणून बसवणं म्हणजे पुनर्वसन नव्हे. त्याच्यासाठी काम आणि राहणं दुसरीकडे शोधावं लागेल, तिच्यावर समेटाचा दबाव न आणता. पण हे उदाहरण पुढे करून मोबाइल चोरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला दार बंद करणं लबाडी आहे.

विहार आठवड्यात किती तास कुलूपबंद असतं ते मोजा. त्यातली रविवारची दोन तासं, एक टेबल, कागदपत्रं समजणारी दोन पोरं-पोरी, घरपट्टी भरणाऱ्या आणि जामीन राहायला तयार असलेल्या दहा जणांची यादी, आणि ओळखीच्या ठेकेदारांशी बोलणारा एखादा जुना कामगार. आपल्या वस्त्यांत असे सुपरवायझर आहेत, ते जयंतीला फेटा बांधून पुढे असतात.

१४ एप्रिलच्या वर्गणीच्या बैठका लवकरच सुरू होतील. डीजेच्या रकमेतला दहावा भाग या टेबलासाठी बाजूला काढावा, असा प्रस्ताव आम्ही चिकलठाण्याच्या बैठकीत मांडणार आहोत. विरोध असेल त्यांनी व्हॉट्सअॅपवर न करता तिथे येऊन करावा. जयभीम.