लहान मोटार व इंधनाचा कारभार

एके काळी मोटार ही संस्थानिकांची, सावकारांची अथवा साहेबलोकांची चैन समजली जात असे. आज येरमाळ्यासारख्या गावीही शेतकरी, शिक्षक, दुकानदार यांच्या दारात एखादी लहान मोटार, नवी नसली तरी जुनी विकत घेतलेली, उभी असलेली दिसते. ही गोष्ट आम्हांस आनंदाची वाटते. परंतु मोटार विकत घेणे निराळे आणि ती पोसणे निराळे. बैलापुढे जसा कडबा टाकावा लागतो, तसे मोटारीच्या टाकीत पेट्रोल ओतावे लागते. आणि २०२१ साली महाराष्ट्रात पेट्रोलच्या भावाने लिटरमागे १०० रुपयांचा उंबरठा ओलांडला, तेव्हापासून मध्यम स्थितीतील कुटुंबास हा खर्च किती जड जातो हे पालकांस सांगावयास नको.

यास्तव लहान मोटार थोड्या इंधनात अधिक कशी चालवावी, हा प्रश्न घरोघरी निघतो. त्याचे उत्तर लोक बहुधा यंत्रात शोधतात. अमुक कंपनीची गाडी घ्यावी, तमुक औषध टाकीत घालावे, असा उपदेश फुकट मिळतो. आमचे मत याहून निराळे आहे. बनावटीचा वाटा मोठा खरा. पण गाडी एकदा दारी आली की पुढील काटकसर चालवणाराच्या उजव्या पायात आणि त्याहूनही अधिक त्याच्या स्वभावात असते.

प्रथम बनावटीविषयी. लहान मोटारीचे स्वप्न आपल्या प्रांतास नवे नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ च्या सुमारास 'मीरा' नावाच्या चिमुकल्या मोटारीचा पहिला नमुना सिद्ध केला आणि पुढे कित्येक वर्षे तो सुधारण्याचा उद्योग चालविला. ती गाडी बाजारात आली नाही. परंतु सामान्य कुटुंबास परवडेल अशी हलकी गाडी हवी, ही त्यांची दृष्टी अचूक होती. पुढे १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि २००९ साली टाटांची नॅनो बाजारात आली. या गाड्या आज कारखान्यांतून निघत नाहीत, तरी त्यांनी शिकविलेला धडा कायम आहे. तो धडा म्हणजे हलकेपणा. ७०० किलो वजनाच्या गाडीत ६० किलोचा एकच मनुष्य बसला, तर वाहून न्यावयाच्या एकंदर वजनाच्या बारा-तेरा भागांपैकी एकच भाग माणसाचा असतो. बाकीचे सारे इंधन लोखंड हलविण्यात खर्ची पडते. गाडी जितकी हलकी, तितका हा अपव्यय कमी.

गाडी घेताना विक्रेता लिटरमागे अमुक किलोमीटर असा आकडा सांगतो आणि घरी आल्यावर तो आकडा काही मिळत नाही. मग फसवणूक झाली असे वाटते. वास्तविक असले आकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या चाचणीसंस्थांत मोजलेले असतात. ही संस्था १९६६ सालापासून कार्य करीत आहे. तेथे गाडी रोलरांवर ठेवून ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे चालवितात. ना समोर ऊस भरलेला ट्रॅक्टर येतो, ना चढ लागतो, ना खड्डा. त्या आकड्याचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करण्यास होतो. आपल्या रस्त्याचे वचन म्हणून तो घेऊ नये. शिवाय अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. म्हणून त्याच टाकीत गाडी काही टक्के कमी धावली तर नवल नाही. हे इथेनॉल पुष्कळ अंशी उसापासून निघते, आणि उसास पाणी किती लागते हे आपल्या दुष्काळी जिल्ह्यातील शेतकऱ्यास पाठ आहे. सारांश, पेट्रोलच्या थेंबात आता आपल्या विहिरीचेही पाणी आहे.

आता वेगाचा विचार करू. आमच्या विद्यार्थ्यांस पदार्थविज्ञानात शिकविले जाते की, हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास हा अडथळा सुमारे पावणेदोन पट होतो. १०० ने गेल्यास सुमारे पावणेतीन पट. येरमाळा हे गाव सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. चौपदरी रस्ता समोर मोकळा दिसला की पाय आपोआप खाली जातो. पण ३० किलोमीटरच्या प्रवासात ६० ऐवजी ८० ने गेल्याने वाचतात ती केवळ साडेसात मिनिटे. ती वाचवून आपण चहाच्या टपरीवर घालवितो! इंधनबचतीच्या प्रचाराकरिता केंद्र सरकारच्या पेट्रोलियम खात्याच्या आश्रयाने १९७८ साली स्थापन झालेली संस्थाही मध्यम वेगाचाच उपदेश करीत आली आहे. सामान्यतः लहान मोटार वरच्या गिअरमध्ये ५० ते ७० च्या दरम्यान सारख्या चालीने चालविली असता सर्वांत कमी खाते.

'सारख्या चालीने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकदम वेग घ्यावा आणि पुढच्या वळणावर करकचून ब्रेक दाबावा, ही रीत म्हणजे घागर भरून ती उंबऱ्यावर ओतून देण्यासारखी आहे. इंधनाने मिळविलेली सारी गती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. याउलट दूरवर नजर ठेवून, पुढे गुरे आडवी येत आहेत असे दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घेणारा मनुष्य पेट्रोलही वाचवितो आणि गुरेही. चाकांतील हवा गाडी थंड असताना, दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे महिन्यातून दोनदा तरी तपासावी. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकू नये. आपल्याकडील धुळीत हवेची जाळी लवकर बुजते, ती वेळेवर साफ करावी अथवा बदलावी. टपावरचा रिकामा सांगाडा काढून ठेवावा. चैत्री पौर्णिमेस येडेश्वरीच्या यात्रेला अफाट समुदाय लोटतो, तेव्हा वाहनांच्या रांगा जागच्या जागी खोळंबतात. अशा वेळी यंत्र बंद करावे. उभी असलेली लहान मोटारदेखील तासाला सुमारे अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते, आणि त्या तासात ती शून्य किलोमीटर चालते.

येथे एका घातक समजुतीविषयी स्पष्ट लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. बालाघाटाच्या रांगेतील घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी, किंबहुना यंत्रच बंद करावे, म्हणजे फुकटात उतरता येते, असे पुष्कळ लोक मानतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत यात थोडेबहुत इंधन वाचत असेल. जीव त्या काळीही धोक्यातच पडत असे. पण आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या गाड्यांत ही समजूत मुळातच उलटी आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकेच यंत्राला फिरवितात, आणि यंत्रातील नियामक पेट्रोलचा पुरवठा जवळजवळ पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र यंत्र चालू राहण्याकरिता पेट्रोल जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलवाला अधिक खर्च करून अधिक धोका विकत घेतो. यंत्र बंद करणाराची गत तर याहून वाईट. ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात शक्ती यंत्रापासूनच मिळते. यंत्र बंद पडल्यावर एक-दोन वेळा दाबताच ब्रेक दगडासारखा कठीण होतो, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली बाहेर काढली तर ते अडकूनही बसते. पाच रुपयांच्या पेट्रोलकरिता पाच माणसे पणास लावणे याला काटकसर म्हणावे काय? विद्यार्थी मित्रांनो, घाट उतरताना घरचे कोणी असे करू लागले, तर नम्रपणे पण निश्चयाने त्यांना थांबवा. वडिलांचा मान राखण्याचाच हा एक प्रकार आहे.

मुलांनी करण्यासारखे आणखी एक काम आहे. मोटारीत हिशेबाची एक वही ठेवावी. टाकी काठोकाठ भरावी आणि किलोमीटरचा आकडा टिपावा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना लागलेले लिटर टिपावेत. मधल्या किलोमीटरांस त्या लिटरांनी भागावे, म्हणजे गाडीचे खरे वर्तन कळते. समजा, गाडी महिन्यास १००० किलोमीटर फिरते आणि लिटरमागे १५ किलोमीटर देते. सुमारे ६७ लिटर पेट्रोल लागेल. तीच गाडी निगराणीने व संयमाने १८ देऊ लागली, तर सुमारे ५६ लिटर पुरेल. महिन्यास ११ लिटर, वर्षास सुमारे १३३ लिटर वाचले. लिटरचे १०० रुपये धरले तरी ते १३,३०० रुपये होतात. इतक्यात एखाद्या विद्यार्थ्याची वर्षाची पुस्तके, वह्या व गणवेश येऊन काही उरेल. शिवाय एक लिटर पेट्रोल जळल्याने सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. त्या मानाने वर्षास ३०० किलोहून अधिक वायू हवेत जाण्याचे टळले. गणिताच्या तासात रुक्ष वाटणारा भागाकार अशा रीतीने घरचा कारभारी होतो.

परंतु सर्वांत मोठी बचत न केलेल्या फेरीत असते. एका मनुष्याने एकट्यासाठी मोटार काढून कळंबास जाणे आणि परत येऊन आठवण झाली म्हणून पुन्हा जाणे, हा प्रकार विरळा नाही. कामांची यादी करून एकाच खेपेत ती उरकावीत. शेजाऱ्यास विचारून त्याचेही काम घ्यावे. आणि एकट्यानेच जावयाचे असल्यास एस. टी. आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली, तेव्हापासून ती गरिबांची मोटार आहे. तिला लिटरमागे चार-पाच किलोमीटरच मिळतात, हे खरे. पण तीत चाळीस माणसे बसली, तर प्रत्येक माणसाच्या वाट्यास लिटरमागे दीडशेहून अधिक किलोमीटर येतात. एकट्याने चालविलेली कोणती लहान मोटार ही बरोबरी करील?

यावर कोणी म्हणेल की, शहरांत मोठमोठ्या गाड्या पेट्रोल पाण्यासारखे उधळीत असता आमच्या चार थेंबांनी काय होणार? १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले, तेव्हा साऱ्या जगाचे बाजार हादरले. आजही आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. हा भार थेंबाथेंबानेच वाढलेला आहे, तो थेंबाथेंबानेच उतरेल. पण आमचे खरे उत्तर याहून जुने आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांच्या भोजनाची कथा आहे. ज्याने पाच भाकरींनी तो समुदाय तृप्त केला, त्यानेच शेवटी उरलेले तुकडे गोळा करण्यास शिष्यांस सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याला पुन्हा भाकरी निर्माण करणे अशक्य नव्हते, त्याने तुकडेही वाया जाऊ दिले नाहीत. भूगर्भातील तेल तर लक्षावधी वर्षांत बनलेले. ते पुन्हा निर्माण करणे आपल्या हाती नाही. आपण त्याचे धनी नव्हे, कारभारी आहोत; आणि कारभाऱ्याने हिशेब द्यावयाचा असतो, मग शेजारचा देवो वा न देवो.

मात्र काटकसर आणि कृपणता यांत गल्लत होऊ नये. गुळगुळीत झालेली चाके न बदलणे, ब्रेकची दुरुस्ती पुढे ढकलणे, पाच जणांच्या गाडीत नऊ जण कोंबणे, ही काटकसर नव्हे. लहान गावात दारची मोटार ही पुष्कळदा साऱ्या आळीची रुग्णवाहिका असते. रात्री-अपरात्री कोणी दार ठोठावले, एखाद्या मुलास साप चावला अथवा कोणा बाईस कळा येऊ लागल्या, तर अशा वेळी लिटरचा भाव आठवणारा मनुष्य वहीत कितीही चांगला आकडा मिळवो, तो हिशेबात नापासच झाला असे आम्ही म्हणू. रोजच्या चालीत थेंब थेंब राखावा तो याचकरिता, की दुसऱ्याच्या गरजेच्या घटकेला टाकीत पेट्रोल असावे आणि ते देताना हात आखडू नये. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरच्या लहान मोटारी अशा मोठ्या कामी याव्यात, हीच आमची मनीषा आहे.