पादचाऱ्याची वेळ तडजोडीला नको

सकाळी बेंगळुरूत के. आर. पुरमच्या केबल पुलावरून शहराकडे निघालेली वाहनं टिन फॅक्टरीच्या चौकात हमखास तुंबतात. व्हाइटफील्डची गर्दी आणि हेब्बाळकडून येणारा रिंग रोड तिथेच येऊन भिडतो. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी बैय्यप्पनहळ्ळी ते के. आर. पुरम हा मेट्रोचा राहिलेला टप्पा सुरू झाला, मधल्या फीडर बसचा जाच संपला. पण मेट्रोतून उतरलेला माणूस शेवटी पायीच चालतो, आणि त्याला सिग्नलवर रस्ता ओलांडावा लागतो.

बेंगळुरूत अनेक चौकांत आता गर्दी मोजून वेळ बदलणारे सिग्नल आहेत, पुण्यातही आले आहेत. अशा सिग्नलचं गणित अवघड आहे. वाहनं कमी थांबावीत, बस लवकर सुटावी, धूर कमी व्हावा, हे सगळं एकदम साधत नाही.

अशा पेचांवरची जगभर वापरली जाणारी एक रीत आयआयटी कानपूरमध्ये घडली. कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘एनएसजीए-२’ मांडली. सिग्नलसाठी ती वापरायची तर वेळांची शेकडो वेळापत्रकं तयार करायची, त्यांचा संकर करायचा, अधूनमधून एखादा आकडा बदलायचा, सरस ती पुढच्या पिढीत न्यायची. हाती एकच उत्तर येत नाही, पर्यायांचा संच येतो. त्यातल्या कुठल्याही पर्यायात एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

या रीतीतला एक नियम फार मोलाचा आहे. घालून दिलेली अट पाळणारं वेळापत्रक अट मोडणाऱ्यापेक्षा नेहमी वरचढ, मग मोडणारं कितीही वेगवान असो. दोन्ही अट मोडत असतील, तर कमी मोडणारं पुढे जातं.

म्हणूनच पादचाऱ्याची वेळ उद्दिष्टांच्या यादीत टाकणं चूक आहे. तिथे ती वाहनांच्या वेगाशी तोलली जाते आणि काही पर्यायांत कापलीही जाते. ती अटीतच हवी. २४ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणारा २० सेकंदांत ओलांडतो. ०.८ मीटरने चालणाऱ्या आजींना ३० सेकंद लागतात. ते १० सेकंद कुणाचे, हे संगणक सांगत नाही. अट लिहिणारा सांगतो.

वाहतूक पोलिसांनी प्रत्येक चौकातली ही किमान वेळ, आणि ती कोणत्या चालीवरून काढली तो आकडा, कन्नड आणि इंग्रजीत खांबावरच लावावा.