लंडनचे जुने पब आणि वाटाड्यांच्या दंतकथा : 'इथे कोण प्यायले?' हा प्रश्न आता पुरे (धागा)

१/ लंडनमधील जुन्या पबांची पायी सहल हा आता इतिहासपर्यटनाचा रुळलेला प्रकार आहे. दोन-अडीच तास, चार-पाच पब आणि एक वाक्चतुर वाटाड्या. शिक्षणासाठी तिकडे गेलेली आपली मुलेमुलीही हौसेने जातात आणि छायाचित्रे टाकून लिहितात, 'आज लंडनचा इतिहास पाहिला.' या धाग्याचे म्हणणे असे की, बहुतेक वेळा त्यांनी इतिहास पाहिलेला नसतो, दारावरची जाहिरात पाहिलेली असते.

२/ 'गुत्त्यात कसला आलाय इतिहास' म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा पक्ष मी घेत नाही. इंग्लंडात १५५२ च्या कायद्यापासून एलहाउस चालवायला न्यायदंडाधिकाऱ्यांचा परवाना लागू लागला. तेव्हापासून सरकार, कर, मालक, मजूर आणि पोलीस यांची गाठ ज्या उंबरठ्यावर पडत आली, तो उंबरठा पबचा आहे. शहराच्या इतिहासाचे इतके थेट साधन क्वचितच सापडते. माझे भांडण या साधनाशी नाही. त्याला जो प्रश्न विचारला जातो, त्या प्रश्नाशी आहे.

३/ वाटाड्याचा प्रश्न ठरलेला असतो : इथे कोण प्यायले? उत्तरेही ठरलेली : शेक्सपिअर, डॉ. जॉन्सन, डिकन्स आणि एखादे भूत. खरे प्रश्न दोन आहेत. इथे कोणाला यावेच लागत होते? आणि इथे कोणाला येऊ दिले जात नव्हते? हे दोन प्रश्न घेऊन त्याच रस्त्यांवरून चालून पाहू. शहर वेगळे दिसू लागते.

४/ पहिला थांबा, थेम्सच्या दक्षिणेला सदर्क येथील 'जॉर्ज इन'. लाकडी सज्जे असलेली, घोडागाड्यांच्या काळातील लंडनमधली ही शेवटची उरलेली सराई. इथे शेक्सपिअरचे नाव हटकून निघते. शेक्सपिअर वारला १६१६ मध्ये. सदर्कच्या १६७६ च्या आगीनंतर ही इमारत नव्याने उभी राहिली ती १६७७ मध्ये. म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर ६१ वर्षांनी. एवढी वजाबाकी करायला इतिहासाची पदवी लागत नाही.

५/ आता हीच वास्तू नीट पाहा. अंगणाच्या एकाच बाजूला सज्जे आहेत. उरलेल्या बाजू कुठे गेल्या? १८३६ मध्ये जवळच लंडन ब्रिज स्थानक सुरू झाले आणि रेल्वेने घोडागाड्यांचा धंदा बुडवला. पुढे ही सराई रेल्वे कंपनीच्याच हाती गेली, अंगण मालाचे आगार झाले आणि १८८९ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने दोन बाजू पाडून टाकल्या. मोतद्दार, गाडीवान, हमाल या साऱ्यांच्या पोटावर आलेला पाय त्या रिकाम्या अंगणात दिसतो. वाटाडे मात्र त्याच अंगणात उभे राहून कवीची खुर्ची शोधत बसतात.

६/ दुसरा थांबा फ्लीट स्ट्रीट, 'ये ओल्ड चेशायर चीज'. १६६६ च्या महाआगीनंतर १६६७ मध्ये पुन्हा बांधलेला पब. इथे डॉ. जॉन्सन यांचे आसन दाखवतात. जॉन्सन जवळच गफ स्क्वेअरमध्ये राहत आणि १७५५ चा त्यांचा शब्दकोश तिथेच सिद्ध झाला, हे खरे. पण त्यांची बारीकसारीक दिनचर्या टिपणाऱ्या बॉझवेलच्या १७९१ च्या चरित्रात मायटर टॅव्हर्न पुनःपुन्हा येते, 'चेशायर चीज' मात्र कुठेही येत नाही. शेजारी राहत होते, म्हणजे येतच असतील, या 'असतील'वर सारा डोलारा उभा आहे.

७/ आणि गंमत अशी की बिअरशी जॉन्सन यांचा पक्का, लिखित पुरावा असलेला संबंध आहेच. तो सदर्कमध्ये. त्यांचे स्नेही हेन्री थ्रेल यांचा तिथे प्रचंड मद्यनिर्मितीचा कारखाना होता. १७८१ मध्ये थ्रेल वारले तेव्हा जॉन्सन त्यांच्या मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक होते. कारखाना १,३५,००० पौंडांना विकला गेला आणि बार्कले या धनाढ्य बँकर घराण्याचा त्यात शिरकाव झाला. साहित्य, भांडवल आणि बिअर एकाच व्यवहारात भेटतात, अशी ही हकिगत. खोट्या खुर्चीच्या कौतुकात ती झाकून जाते.

८/ फ्लीट स्ट्रीटवरच 'एल विनो' नावाचा जुना वाइन बार होता. वृत्तपत्रांच्या या गल्लीतले पत्रकार आणि वकील तिथे जमत. काउंटरपाशी उभ्याउभ्या बातम्यांची देवघेव होई. पण स्त्रियांना काउंटरवर पेय मिळत नसे. त्यांनी आतल्या खोलीत बसावे, तिथे आणून देऊ, असा नियम. टेस गिल या वकील आणि ॲना कूट या पत्रकार न्यायालयात गेल्या. १९८२ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लिंगभेदविरोधी कायदा १९७५ चा. म्हणजे कायद्यानंतरही सात वर्षे.

९/ काउंटरपाशी उभे राहता न येणे ही क्षुल्लक गोष्ट वाटते का? बातमी जिथे वाटली जाते तिथून तुम्हाला दूर बसवणे, म्हणजे व्यवसायातच मागे ठेवणे. आणि हा खटला काही दुर्गम दप्तरात पडलेला नाही, ब्रिटनमधील कायद्याचे विद्यार्थी तो अभ्यासतात. 'चेशायर चीज'पासून ही जागा चालत काही मिनिटांवर. तरी शब्दकोशकाराच्या काल्पनिक पेल्यापुढे या दोन स्त्रियांना सहलीत जागा मिळत नाही.

१०/ इथून उत्तरेला ब्लूम्सबरीत 'द लॅम्ब' हा पब आहे. तिथे काउंटरवर डोक्याच्या उंचीला नक्षीदार काचांच्या छोट्या झडपा आहेत. त्यांना 'स्नॉब स्क्रीन' म्हणतात. उच्चभ्रू गिऱ्हाइकाचा चेहरा पलीकडच्यांना दिसू नये म्हणून ही सोय. व्हिक्टोरियन पबला दारेही वेगळाली असत. मजुरांचा 'पब्लिक बार' वेगळा, प्रतिष्ठितांचा 'सलून बार' वेगळा. एकाच छताखाली तीच बिअर, पण दर निराळा. वर्गव्यवस्था इतक्या स्पष्टपणे काचेत कोरलेली सहसा पाहायला मिळत नाही.

११/ आता पूर्वेला, नदीकाठच्या वॉपिंगला. 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी' आपला जन्म १५२० सालचा सांगतो. आजची इमारत मात्र बहुतांशी एकोणिसाव्या शतकातल्या आगीनंतर उभारलेली आहे. नदीच्या बाजूला फाशीचा दोर टांगलेला असतो आणि सारे त्याच्यासह छायाचित्र काढतात. चाच्यांना फाशी देण्याची जागा वॉपिंगला होती हे सत्य. कॅप्टन किडला १७०१ मध्ये तिथेच लटकावले. पण ती जागा आपल्याच पायरीशी होती, असा मान एकाहून अधिक पब सांगतात. किडच्या नावाचा पब तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका जुन्या गोदामात थाटलेला आहे.

१२/ वॉपिंगचा खरा फास दोराचा नव्हता, हिशेबाच्या वहीचा होता. लंडनला लागणारा कोळसा गलबतांतून येई आणि मजुरांच्या टोळ्या तो दोरांनी तळघरातून वर खेचत. त्यांना 'कोल व्हिपर' म्हणत. हे काम मिळण्याची वाट पबमधून जाई. जहाजाचा कप्तान टोळी मागे ती पबमालकाकडे. मालक काम देई ते आपल्याकडे जास्त पिणाऱ्याला. मजुरीही तिथेच मिळे, आधी दारूची उधारी कापून. न पिणाऱ्याला काम नाही, आणि पिणाऱ्याच्या घरी पैसा नाही.

१३/ आपल्या गिरणगावाचा इतिहास वाचलेल्यांना ही रीत लगेच ओळखू येईल. जॉबरच्या मर्जीवर नोकरी, आणि मर्जी राखायची किंमत वेगळी. वॉपिंगचे मजूर वर्षानुवर्षे याविरुद्ध झगडले. अखेर १८४३ मध्ये पार्लमेंटने कायदा करून त्यांच्यासाठी स्वतंत्र नोंदणी कार्यालय उघडले आणि भरती पबबाहेर आणली. १८५६ मध्ये ती व्यवस्था संपलीही. पबमध्ये मजुरी वाटण्यावर सर्वसाधारण बंदी यायला १८८३ साल उजाडावे लागले.

१४/ 'इथे कोणाला यावेच लागत होते?' या प्रश्नाचे हे उत्तर. या मजुरांना पब विरंगुळ्याची जागा नव्हती, तो रोजगाराचा जकातनाका होता. चाचे काही थोडे, मजूर हजारो. चाच्यांचे नाव पाटीवर आहे, मजुरांचे सहलीच्या बोलण्यातही नाही. दारिद्र्याचे खापर मजुराच्या व्यसनावर फोडणारे उपदेशक त्या काळी पुष्कळ होते. व्यसन ही कामाची अट कोणी केली, हे विचारणारे थोडे. आजचा वाटाड्या तर तेही विचारत नाही.

१५/ याच गोद्यांत आपलीही माणसे होती. मुंबई बंदरातून भरती होणाऱ्या 'लास्कर' खलाशांत कोकणपट्टीतले पुष्कळ असत. लंडनमध्ये निराधार पडलेल्या अशा आशियाई खलाशांसाठी १८५७ मध्ये लाइमहाउस भागात एक निवासगृह उघडले गेले. त्यांच्यात मुसलमान बहुसंख्य, त्यामुळे पबच्या कहाणीत ते येत नाहीत. शहर केवळ पबच्या खिडकीतून पाहिले की काय दिसेनासे होते, याचे हे उदाहरण. चांगला वाटाडा हेही सांगतो.

१६/ दुसरा प्रश्न : कोणाला येऊ दिले जात नव्हते? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधले अनेक पब कृष्णवर्णीय आणि आशियाई गिऱ्हाइकांना नाकारत किंवा ठरावीक कोपऱ्यात बसवत. याला 'कलर बार' म्हणत. पब-हॉटेलांसारख्या सार्वजनिक जागांतला हा भेदभाव बेकायदा ठरला तो १९६५ च्या वंशसंबंध कायद्याने. भारत स्वतंत्र होऊन १८ वर्षे झाली होती. आज आपण ज्या दारातून सहज आत शिरतो, ते दार कोणीतरी भांडून उघडले आहे.

१७/ म्हणून सहलीचा शेवट पश्चिमेच्या साउथॉलमध्ये व्हायला हवा. ३ जुलै १९८१ रोजी तिथल्या 'हॅम्ब्रो टॅव्हर्न'मध्ये स्किनहेड तरुण एका मैफिलीसाठी गाड्या भरून आले. पंजाबीबहुल वस्तीत संघर्ष पेटला आणि तो पब जळाला. पुढे १९९० च्या दशकात त्याच साउथॉलमध्ये 'ग्लासी जंक्शन' हा पंजाबी पब भारतीय रुपये स्वीकारण्यासाठी प्रसिद्ध झाला. या दोन पबांमध्ये आधुनिक लंडनचा एक मोठा अध्याय आहे. पण तिथे जुने लाकूड नाही, म्हणून 'ऐतिहासिक' हा शिक्काही नाही.

१८/ आक्षेप येईल : लोक मौजेसाठी येतात, त्यांना कायदे कशाला? मग ही मौज घ्या. १८५० मध्ये हंगेरीतला उठाव क्रूरपणे चिरडणारा ऑस्ट्रियन सेनापती हायनाउ लंडनला आला आणि थ्रेल यांचाच तो जुना कारखाना पाहायला गेला. तिथल्या कामगारांनी त्याला ओळखले आणि बदडून पळवून लावले. सेनापतीला जवळच्या पबात लपावे लागले, पोलिसांनी त्याला नदीवाटे सोडवून नेले. त्या जागी आज स्मृतिफलक आहे. सांगा, कोणत्या भुताची गोष्ट हिच्यापुढे टिकेल?

१९/ दुसरा आक्षेप : दंतकथेने कोणाचे काय बिघडते? बिघडते असे की सहलीचे दोन तास मोजलेले असतात. खोट्या खुर्चीला दिलेली दहा मिनिटे कोल व्हिपरांच्या वाट्याची असतात. दंतकथा सांगूच नये असे नाही. 'ही दंतकथा आहे, ती अमुक कारणाने रचली गेली' असे म्हणून सांगावी. मग तीही इतिहासाचे साधन होते. गिऱ्हाईक ओढण्यासाठी थोरांची नावे वापरणे हा धंदा किती जुना आहे, ते तिच्यातून कळते.

२०/ हे आपल्याकडेही लागू आहे. वॉटसन हॉटेलात जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारला म्हणून ताज उभे राहिले, ही कथा मुंबईच्या हेरिटेज वॉकमध्ये पुराव्यावाचून सांगतात. पण १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडीवर सरकारचा हात कसा पडला, किंवा १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे 'परमिट रूम' हा शब्द आपल्या पाट्यांवर कसा आला, हे क्वचितच ऐकू येते. रोज दिसणारी पाटी आपण वाचत नाही, हे आपले दुर्दैव.

२१/ तेव्हा मित्रहो, अशा सहलींना जरूर जा, पण प्रश्न घेऊन जा. ही इमारत नेमकी कोणत्या वर्षाची? परवाना कोणाचा होता? मजुरी इथे वाटली जाई का? दारे किती होती, आणि कोणत्या दारातून कोण शिरे? इथे कोणाला मज्जाव होता, आणि तो कधी, कोणी उठवला? वाटाड्याकडे उत्तरे असतील तर त्याला मनापासून दाद द्या. नसतील तर शेक्सपिअरच्या मृत्यूचे साल विचारा आणि वजाबाकी त्यालाच करू द्या.