ड्रॅगन कुणासाठी?

जुन्या चिनी हॉटेलची सजावट जगभर साधारण एकसारखी असते. लाल कंदील, त्यांना लोंबणारे गोंडे, छताच्या कडेनं पळणारा सोनेरी ड्रॅगन, पूर्ण गोल चौकटीचा आतला दरवाजा, काळ्या लाखेच्या पडद्यावर शिंपल्यात कोरलेले बगळे आणि गल्ल्याशेजारी पंजा हलवत बसलेलं मांजर. मांजर तर मुळात जपानी, पण ते कोण विचारतो! चीनला जाऊन आलेली मंडळी अशा ठिकाणी बसली की सूप यायच्या आत निकाल देतात: चीनमध्ये असलं काही नसतं, हा सगळा देखावा परक्यांना भुलवायला केलेला आहे. यातला पहिला भाग बराचसा बरोबर आहे आणि दुसराही एका अर्थी बरोबरच. गडबड होते ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात, की म्हणून ही सजावट नकली. ती उतरवून भिंती राखाडी केल्या आणि वर चार उघडे बल्ब टांगले की हॉटेल अस्सल झालं. या सजावटीत चीन शोधायला जाणं हीच मुळात चूक आहे, असं माझं मत. ती जिथं उभी राहिली तिथले कायदे, तिथलं गिऱ्हाईक आणि परक्या गावात दुकान टिकवायची मालकाची धडपड या तिन्ही गोष्टी तिच्यात उतरल्या आहेत, आणि त्या अगदी खऱ्या आहेत.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोपासून करावी लागते. तिथली चिनी वस्ती एकोणिसाव्या शतकात दिसायला शहराच्या इतर भागांसारखीच होती; विटांच्या साध्या इमारती, त्यावर इटालियन धाटणीच्या खिडक्या. 18 एप्रिल 1906 च्या भूकंपात आणि त्यापाठोपाठच्या आगीत ती वस्ती बेचिराख झाली. शहराच्या कारभाऱ्यांना संधीच मिळाली. मोक्याच्या जागेवरच्या या नकोशा लोकांना उचलून दूर हंटर्स पॉइंटला नेऊन टाकायचं, असा बेत शिजू लागला. त्यावर चिनी व्यापाऱ्यांनी केलेला तोडगा विलक्षण होता. लुक टिन इली नावाच्या व्यापाऱ्याच्या पुढाकारानं त्यांनी रॉस आणि बर्ग्रेन या गोऱ्या जोडीकडून इमारती बांधून घेतल्या. चौकात समोरासमोर उभ्या राहिलेल्या सिंग चाँग आणि सिंग फॅट या इमारतींवर वर वळलेल्या कडांचे मनोरे चढवले गेले. खाली पोलाद-काँक्रीटचा अमेरिकन सांगाडा आणि वर डोक्यावर टोपी घालावी तसा पॅगोडा! पर्यटकांना बघायला आवडेल असा हा ‘चीन’ गोऱ्यांच्या कल्पनेतला होता आणि तो मुद्दाम तसा घडवला होता. शहराला पैसा मिळवून देणारी वस्ती हलवायला कुणी धजावणार नाही, हा त्यामागचा सरळ व्यापारी विचार. केवळ छपरांमुळे वस्ती वाचली असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. घरमालकांचं बुडणारं भाडं आणि चीनशी असलेला व्यापार यांचंही वजन होतंच. पण वस्ती जागच्या जागी राहिली, आणि पुढं अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांनी सजावटीचा कित्ता गिरवला तो असल्याच छपरांचा.

आता कायद्याकडे पाहू. 1882 च्या कायद्यानं चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद केली होती आणि ती 1943 पर्यंत बंदच राहिली. व्यापाऱ्यांना मात्र सूट होती. हॉटेलवाला हा व्यापारी की मजूर, हा प्रश्न न्यायालयात गेला आणि 1915 साली निकाल हॉटेलवाल्यांच्या बाजूनं लागला. व्यापारी ठरलं की मायदेशी जाऊन परत येता येई, आपल्या माणसांना आणता येई. पण परवानगी देणारे अधिकारी गल्लीतल्या चार बाकड्यांच्या खानावळीला दाद देत नसत. हॉटेल मोठं आणि ‘वरच्या दर्जाचं’ असलं पाहिजे, त्यात घसघशीत भांडवल पाहिजे, मालकानं किमान वर्षभर कारभार स्वतः बघितला पाहिजे आणि हलकी कामं करता कामा नयेत, अशी अट. मग नातेवाईक आणि गाववाले पैसे एकत्र करून भव्य, झगमगीत हॉटेलं काढू लागले आणि व्यवस्थापकपद आळीपाळीनं एकेकाकडे देऊ लागले. न्यूयॉर्कसारख्या शहरांत चिनी हॉटेलांची संख्या झपाट्यानं वाढली. कोरीव खांब, संगमरवरी टेबलं आणि झुंबरं हा त्या हॉटेलांपुरता हौसेचा मामला नव्हता. बायकामुलांना भेटता यावं म्हणून सरकारदरबारी दाखवायचा तो पुरावा होता. अशा सजावटीला ‘भडक’ म्हणताना हा अर्जाचा कागद डोळ्यांसमोर ठेवला, तर जीभ जरा अडखळते.

सगळीच हॉटेलं काही झगमगीत नव्हती. माँटाना राज्यातल्या ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावात 1911 पासून एकाच कुटुंबाकडे असलेलं पेकिन नूडल पार्लर आहे. अमेरिकेतलं एका कुटुंबानं सलग चालवलेलं सगळ्यात जुनं चिनी हॉटेल म्हणून त्याची ख्याती, आणि 2023 मध्ये त्याला जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा सन्मानही मिळाला. रस्त्यावर निऑनची पाटी, अरुंद जिना चढून वर गेलं की मधोमध बोळासारखी वाट आणि दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांच्या खोल्या. फळ्यांना नारिंगी रंग, दाराच्या जागी पडदा, आत एक टेबल. या पडद्यांवरून गावात नाना कंड्या पिकल्या. इथं पूर्वी भलताच धंदा चालत असे, ही त्यातली सर्वांत लाडकी. खरं तर त्या काळी अशा आडोशाच्या बैठका अनेक हॉटेलांत असत. पण चिनी हॉटेल म्हटलं की संशय आलाच. गोऱ्या तरुणी चिनी हॉटेलात जातात याचा तेव्हा इतका धसका घेतला गेला होता, की 21 वर्षांखालच्या स्त्रियांना तिथं बंदी करणारं विधेयक मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढं आलं, आणि ते घटनेत बसत नाही असं तिथल्या न्यायमूर्तींना सांगावं लागलं. कोलकात्याच्या चित्तरंजन अ‍ॅव्हेन्यूवरच्या चुंग वाच्या लाकडी केबिनी आणि त्यांचे पडदेही याच जातीचे. चारचौघांत जेवायला संकोचणारी बाई, घरच्यांची नजर चुकवून आलेली जोडपी, गुपचूप दोन घोट घेणारे बाबू, अशा सगळ्यांची तो पडदा सोय करत होता. त्या पडद्याचा चीनशी संबंध नाही, पण त्या काळच्या कोलकात्याशी पक्का आहे.

आपल्याकडचा हिशेब वेगळा. कोलकात्यातल्या चिन्यांपैकी हाक्का चर्मकामात, कँटनकडचे सुतारकामात, हुपेकडचे दात बसवण्यात. हॉटेलधंदा आधीपासून होता, टिरेटा बाजारात तूंग ऑन देवळाच्या इमारतीत खाली नानकिंग होतं. पण 1962 चं युद्ध झालं आणि सुमारे 3,000 चिनी वंशाच्या माणसांना, त्यांत इथंच जन्मलेल्या पोराबाळांनाही, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन डांबलं गेलं. काही जण तिथं 1967 पर्यंत होते. सुटल्यावर अनेकांनी देश सोडला. जे राहिले त्यांच्या चेहऱ्याकडे शेजारी संशयानं बघत होते, आणि त्याच माणसांनी दुकानावर ड्रॅगन रंगवला, कंदील टांगला. मला तर यात धाडस दिसतं. संशयाच्या काळात ज्या ओळखीमुळे अडचण झाली, तीच ओळख गिऱ्हाइकाला हवीशी वाटेल अशा रंगात रंगवून दारावर लावणं, हे घाबरून दडून बसण्यापेक्षा कितीतरी अवघड. मुंबईत चर्चगेटचं कामलिंग, गेटवेजवळचं नानकिंग ही त्या परंपरेतली नावं आता नुसती नावंच उरली. नानकिंग चालवणाऱ्या लिंग कुटुंबाचंच लिंग्ज पॅव्हिलियन कुलाब्यात रीगल सिनेमाच्या मागच्या रस्त्यावर आहे. आत छोटा पूल, त्याखाली पाण्यात मासे आणि वर छताला चांदण्या.

आणि हो, इराण्याचं उदाहरण आपल्या हाताशीच आहे. इराणी हॉटेल बंद पडलं की वर्तमानपत्रांत मृत्युलेख येतात, ते योग्यच. पण त्या हॉटेलात इराणचं असं काय होतं? वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मध्य युरोपातल्या घडणीच्या, टेबलावरचा पांढरा दगड इटलीच्या नावानं खपणारा, बनमस्क्याचा बन पाववाल्याच्या भट्टीतला. कुणी म्हणालं का, की हे तेहरानमध्ये नसतं म्हणून नकली? उलट तीच मुंबईची खूण ठरली. मग चिनी हॉटेलच्या कंदिलालाच आपण पासपोर्ट का मागतो?

सगळ्यात वजनदार आक्षेप यापेक्षा वेगळा आहे आणि तो चिनी वंशाची तरुण मंडळीच घेतात. हे कंदील, हे ड्रॅगन, ब्रशच्या फराट्यांसारखी ती अक्षरं, या सगळ्यांतून आमच्या आज्या-पणज्यांची टिंगल झाली, असं ते म्हणतात. आणि अक्षरांपुरतं तर ते सोळा आणे खरं आहे. ते वळण चिनी लेखणीतून आलेलं नाही. 1883 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड गावच्या एका टाइप फाउंड्रीनं ते पाडलं. पुढं तेच वळण चिन्यांची नालस्ती करणाऱ्या भित्तिपत्रकांवरही मिरवलं. आज आपल्याकडे नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर देवनागरी अक्षरांनाही तेच फराटे असतात, इतका त्याचा प्रवास. तेव्हा या चित्रलिपीत अपमानाचा अंश आहे हे मान्य करायलाच हवं. पण तोच ड्रॅगन सिनेमावाल्यानं खलनायकाच्या पाठीमागे टांगणं आणि मालकानं स्वतःच्या गल्ल्यामागे टांगणं यांत फरक आहे. एकात नफा दुसऱ्याचा, दुसऱ्यात पोरांच्या शाळेची फी भरली जाते. नातवंडांना तो नको असेल तर त्यांनी तो खुशाल उतरवावा, तो त्यांचा हक्क. त्यांच्या दुकानाचं संग्रहालय करा, असा आग्रह धरायचा बाकीच्यांना अधिकार नाही. आक्षेप आहे तो बाहेरच्या जाणकारानं नाक मुरडून ‘अस्सल नाही’ म्हणण्याला.

दुसरा आक्षेप पोटाचा: सजावट राहू द्या, जेवणाचं काय? इथं मी मालकांची वकिली करणार नाही. जुन्या हॉटेलांत कॉर्नफ्लॉवरनं चिकट झालेला रस्सा आणि तेलात न्हालेले नूडल्स पुष्कळदा मिळतात, आणि भिंतीवरच्या ड्रॅगनमुळे शिळं तेल ताजं होत नाही. मात्र ‘हे चीनमध्ये मिळत नाही’ हा दोष जेवणालाही लावायचा असेल तर तो टिकत नाही. चिकन मंच्युरियन 1975 मध्ये मुंबईतल्या क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात, कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वाँग यांनी आलं-लसूण-मिरचीला सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर जोडून केलं, आणि ते आज वडापावाइतकंच इथलं आहे. टेबलावरची गोल फिरती थाळी घ्या. तिला कुणी हजारो वर्षांची परंपरा समजतं. पण मंच्युरियातल्या प्लेगशी झुंजलेले पेनांगचे डॉक्टर वू लिएन-ते यांनी 1915 च्या सुमारास तिचा पुरस्कार केला तो सगळ्यांची उष्टी चॉपस्टिक एकाच भांड्यात जाऊ नये म्हणून. 1950 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी हॉटेलांनी ती उचलली आणि मग ती जगभर फिरली. मंच्युरियानं एका टोकाला फिरती थाळी दिली आणि दुसऱ्या टोकाला आपल्या गोबी मंच्युरियनला नाव. त्या प्रांताचं आपल्या जेवणावरचं ऋण एवढंच.

तिसरा प्रश्न हल्लीच्या ‘रेट्रो’चा. जुनं दिसणारं नवं हॉटेल काढण्याची लाट सगळीकडे आहे. हाँगकाँगमध्ये तर स्टारबक्सनं 2009 मध्ये डडेल स्ट्रीटवरच्या दुकानात जुन्या स्थानिक कॅफेचा, तिथल्या भाषेत बिंग सुटचा, आख्खा कोपरा उभा केला. जुन्या धाटणीची फरशी, छताचा पंखा, पक्ष्यांचे पिंजरे. बघायला छान आहे, त्यात पाप काही नाही. पण त्या पिंजऱ्यांना कुठलाही कायदा चुकवायचा नव्हता, कुणाचा संशय झेलायचा नव्हता. नकली म्हणायचंच असेल तर मी हा शब्द इथं वापरीन. याउलट हाँगकाँगच्याच अ‍ॅबर्डीन बंदरातलं जंबो हे तरंगतं हॉटेल घ्या. 1976 मध्ये सुरू झालेलं, बादशाही राजवाड्याची नक्कल, सोनेरी ड्रॅगन, सिंहासन, रात्री हजारो दिवे. चिनी माणसानं चिनी शहरात पर्यटकांसाठी केलेला चिनी देखावा! म्हणजे ‘चीनमध्ये असलं नसतं’ हेही पुरतं खरं नाही. मार्च 2020 मध्ये ते बंद झालं. फुकट द्यायला काढलं तरी देखभालीच्या खर्चाकडे बघून कुणी घेतलं नाही, आणि जून 2022 मध्ये ओढून नेताना दक्षिण चीन समुद्रात ते उलटलं. लोक हळहळले, पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी तिथं शेवटचं जेवण कधी घेतलं होतं, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

आपल्याला ब्यूटपर्यंत जायचं कारण नाही. कुलाब्यात लिंग्ज पॅव्हिलियन आहे, कोलकात्याला गेलात तर गणेशचंद्र अ‍ॅव्हेन्यूवर पेट्रोल पंपाच्या वर ओ च्यू आहे. मधोमध निखारे घातलेल्या भांड्यातलं तिथलं चिमनी सूप मागवा. जेवण आवडलं नाही तर स्पष्ट सांगा. पण मालक गल्ल्यावर असेल आणि गर्दी नसेल, तर एवढं जरूर विचारा की कंदील कुठून आणले, भिंतीवरचा ड्रॅगन कुणी रंगवला, कुठल्या साली. फोटो सगळेच काढतात. तुम्ही ही उत्तरं लिहून ठेवा. दुकान बंद झाल्यावर ती महापालिकेच्या कुठल्याही दप्तरात सापडत नाहीत.